स्थलांतर, भाषांतर, नामांतर : अमेरिकेतील राज्यांच्या आरोग्यविमा-बाजारपेठा आणि त्यांचे स्वतंत्र संगणकीय मंच

भाषांतराचा विचार करताना अभ्यासकाची नजर स्वाभाविकपणे साहित्यकृतीकडे वळते. परंतु आधुनिक राज्यसंस्थाही रोज भाषांतर करीत असते. कायद्याची कलमे नियमांत उतरतात, नियम अर्जातील प्रश्नांत, प्रश्नांची उत्तरे नोंदींत आणि नोंदी अखेर निर्णयांत. या साखळीच्या शेवटी एक माणूस असतो आणि त्याला औषधोपचार परवडणार की नाही हे तेथे ठरते. ही साखळी एका यंत्रणेकडून दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवली जाते तेव्हा त्या माणसाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी अमेरिकेतील काही राज्यांनी आपल्या आरोग्यविमा-बाजारपेठा केंद्रीय संगणकीय मंचावरून स्वतःच्या मंचावर नेल्या, हे उदाहरण घेतले आहे. विषय प्रशासनाचा असला तरी त्यातील प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला परिचित वाटतील. मूळ संहिता कोणाची, भाषांतराचा अधिकार कोणाकडे, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना काय गळते, हेच ते प्रश्न होत.

१. बाजारपेठ आणि मंच

अमेरिकेत बहुसंख्य लोकांना आरोग्यविमा नोकरीतून मिळतो. वृद्धांसाठी मेडिकेअर ही केंद्रीय योजना आहे आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी केंद्र व राज्ये मिळून चालवतात ती मेडिकेड. या तिन्हींच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी २३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्याने एक व्यवस्था निर्माण केली. खाजगी विमा कंपन्यांच्या योजना एका ठिकाणी मांडाव्यात, लोकांनी त्या ताडून पाहाव्यात आणि उत्पन्नानुसार विम्याच्या हप्त्यात करसवलत मिळवावी, असे तिचे स्वरूप होते. कायद्याच्या मजकुरात तिला 'एक्स्चेंज' असे नाव आहे. जनतेपुढे नेताना प्रशासनाने 'मार्केटप्लेस' हा शब्द पुढे केला. मराठीत 'बाजारपेठ' म्हटले की जी उघडी, सर्वांना मोकळी जागा डोळ्यांपुढे येते, तिच्याशी या व्यवस्थेचे साम्य थोडेच आहे. येथे आत जाण्यापूर्वीच आपण कोण, किती कमावतो आणि कोणाबरोबर राहतो हे सांगावे लागते.

ही बाजारपेठ स्वतः चालवावी की केंद्रावर सोपवावी, हा पर्याय राज्यांना होता. पहिला नोंदणीकाळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाला. केंद्राचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ त्या दिवशी कोलमडले. पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाल्याचे पुढे उघड झालेल्या सरकारी टिपणांत दिसते. स्वतःचा मंच उभारणाऱ्या राज्यांचे अनुभव परस्परविरोधी होते. केंटकीचा मंच चालला, ओरेगॉनचा चाललाच नाही.

कालांतराने एक तिसरा प्रकारही रूढ झाला. बाजारपेठ राज्याची, कायदेशीर जबाबदारी राज्याची, पण अर्ज, पात्रतानिश्चिती आणि नोंदणी केंद्राच्या मंचावर. 'मंच बदलणे' याचा नेमका अर्थ या प्रकारामुळे स्पष्ट होतो. बाजारपेठेची मालकी एक गोष्ट आणि ज्या यंत्रावर तिचा व्यवहार चालतो त्याची मालकी दुसरी. एखाद्या संहितेचे कर्तृत्व आणि तिचे मुद्रण यांत असतो तसा हा भेद वरवर दिसतो. परंतु येथे मुद्रकच मजकूर ठरवू लागतो, हे पुढील विवेचनात दिसेल.

२. स्थलांतर

राज्यांच्या या हालचालीमागे पैशाचे कारण ठळक होते. केंद्रीय मंच वापरणाऱ्या राज्यांतील विमा कंपन्यांकडून केंद्र हप्त्यांच्या ठरावीक टक्के शुल्क घेते. पूर्णपणे केंद्रावर अवलंबून असलेल्या राज्यांसाठी ते २०१४ पासून ३.५ टक्के होते. बाजारपेठ स्वतःची पण मंच केंद्राचा, अशा राज्यांना आरंभी सूट होती. पुढे त्यांचे शुल्क २०१७ मध्ये १.५, २०१८ मध्ये २ आणि २०१९ मध्ये ३ टक्के झाले. हप्ते वाढले की टक्केवारीने घेतलेली रक्कमही वाढते, मंच चालवण्याचा खर्च मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. पेनसिल्व्हेनियाचा हिशेब या दृष्टीने बोलका आहे. राज्यातून केंद्राला वर्षाला सुमारे ९.८ कोटी डॉलर जात होते आणि तेच काम आपण ३ ते ३.५ कोटींत करू, असा राज्याचा अंदाज होता. २०१९ मध्ये कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये 'पेनी' या नावाने मंच सुरू झाला. वाचणारा पैसा फार खर्चिक रुग्णांचा भार वाटून घेणाऱ्या पुनर्विमा योजनेकडे वळवण्यात आला, जेणेकरून सर्वांचेच हप्ते उतरावेत.

नेव्हाडाची वाट दुहेरी होती. त्या राज्याने २०१३ मध्ये स्वतःचा मंच सुरू केला, तो सदोष ठरल्याने पुढील वर्षी केंद्रीय मंच स्वीकारला, आणि शुल्कवाढीनंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा स्वतःचा मंच उभा केला. ओरेगॉनमध्ये 'कव्हर ओरेगॉन'वर केंद्राचे सुमारे ३० कोटी डॉलर खर्च झाले, तरी सामान्य नागरिकाला आरंभापासून अखेरपर्यंत आपली नोंदणी संगणकावर करता आली नाही. शेकडो कर्मचारी नेमून कागदी अर्ज हाताळावे लागले. एप्रिल २०१४ मध्ये राज्याने माघार घेतली आणि कंत्राटदाराशी सुरू झालेला न्यायालयीन तंटा २०१६ मध्ये तडजोडीने मिटला. त्याच ओरेगॉनने २०२३ मध्ये पुन्हा स्वतंत्र मंचाकडे जाण्याचा कायदा केला. पहिल्या अपयशाचे कारण मंच स्वतःचा असणे हे नव्हते, असा या निर्णयाचा अर्थ होतो.

या आकड्यांच्या आड प्रत्यक्ष स्थलांतर कसे होते? केंद्राकडील विमाधारकांच्या नोंदी राज्याच्या मंचावर आणल्या जातात. नाव, जन्मतारीख, कुटुंबीय, उत्पन्न, निवडलेली योजना असे सगळे एका साच्यातून दुसऱ्या साच्यात बसवावे लागते. विमा कंपन्यांकडे नोंदणी कळवण्यासाठी '८३४' या क्रमांकाने ओळखला जाणारा प्रमाणित संदेश वापरतात. नव्या मंचाला प्रत्येक कंपनीबरोबर त्याची तपासणी नव्याने करावी लागते. नोंद आली तरी माणूस आपोआप येत नाही. जुन्या मंचावरील परवलीचा शब्द नव्या मंचावर चालत नाही. म्हणून नेव्हाडा, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत जुन्या विमाधारकांना एक संकेतांक पाठवला गेला. तो वापरून त्यांनी नव्या मंचावरचे आपले खाते 'हे माझे' म्हणून ताब्यात घ्यायचे.

या ठिकाणी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. भाषांतरित संहितेत आपण स्वतःला ओळखावे आणि तशी ग्वाही द्यावी, अशी ही अपेक्षा आहे. ज्याचा पत्ता बदललेला आहे, ज्याला अधिकृत पत्राची भाषा परकी आहे किंवा सरकारी लिफाफा पाहूनच जो धास्तावतो, त्याचे खाते नव्या मंचावर असते, पण तो स्वतः तेथे नसतो. विमा आपोआप पुढे चालू राहिला तरी उत्पन्न बदलल्याचे कळवण्याची वाट त्याच्यापुरती बंद होते.

३. भाषांतर

नोंदींच्या स्थलांतराहून अधिक गुंतागुंतीचे काम कायद्याचे प्रश्नांत भाषांतर करण्याचे आहे. 'कुटुंब' हा शब्द घ्या. मराठीत त्याला चूल, नाते, सहवास अशा अनेक अर्थच्छटा आहेत. बाजारपेठेच्या अर्जात कुटुंब म्हणजे करविवरणात जे एकत्र दाखवले जातात ते. एका घरात राहणारी आजी त्यात नसू शकते आणि दुसऱ्या शहरात शिकणारा मुलगा असू शकतो. मेडिकेडच्या नियमांत हीच व्याख्या काही अपवादांसह थोडी वेगळी होते. अर्थात एकाच घराची दोन कुटुंबे होऊ शकतात, कोणत्या योजनेच्या भाषेत विचारले त्यावर ते अवलंबून.

याहून महत्त्वाचा भेद काळाचा आहे. मेडिकेड नव्या अर्जदाराला वर्तमानकाळात विचारते : या महिन्यात तुमचे उत्पन्न किती? बाजारपेठेतील करसवलतीसाठीचा प्रश्न भविष्यकाळात असतो : येत्या वर्षात तुम्हाला किती उत्पन्न होईल? मासिक पगार ठरलेला असेल त्याला दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच वाटेल. उदाहरणादाखल तंबाखूच्या शेतात हंगामी काम करणारी व्यक्ती घेऊ. तिचा ऑगस्टचा महिना आणि जानेवारीचा महिना यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. वर्तमानकाळात ती मेडिकेडला पात्र ठरेल, भविष्यकाळात कदाचित बाजारपेठेला. ज्या राज्यांनी मेडिकेडचा विस्तार स्वीकारला, तेथे या दोहोंमधली सीमा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांवर आहे आणि अशा कामगारांचे आयुष्य नेमके त्या सीमेवरून ये-जा करते.

भविष्यकाळातील उत्तर चुकले तर वर्षअखेरीच्या करविवरणात हिशेब चुकता करावा लागतो आणि जादा मिळालेली सवलत परत करावी लागते. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी या परतफेडीला कमाल मर्यादा होती. २०२५ च्या कायद्याने २०२६ या करवर्षापासून ती काढून टाकली. आता एका भविष्यकालीन वाक्यातील चुकीची किंमत पूर्ण भरावी लागेल.

मंच कोणाचा, याचे महत्त्व या सीमेवर येते. मेडिकेड राज्याकडे आणि बाजारपेठेचा मंच केंद्राकडे असेल तर अर्जदार एका दारातून आत येतो आणि 'तुम्ही बहुधा दुसऱ्या योजनेचे' असे ठरताच त्याची संचिका दुसऱ्या यंत्रणेकडे पाठवली जाते. काही राज्ये केंद्राचा निर्णय अंतिम मानतात. काही राज्ये तो प्राथमिक अंदाज समजून पुन्हा पडताळणी करतात. या प्रवासात कागद मागितले जातात, मुदती उलटतात, आणि दोन्ही यंत्रणा त्याला आपला मानत नाहीत असाही काळ येतो. दोन्ही योजना एकाच मंचावर असतील तर एकदाच दिलेल्या उत्तरांवरून दोन्ही निर्णय करता येतात. २०२३ च्या एप्रिलपासून, महासाथीच्या काळात थांबवलेली मेडिकेडची फेरतपासणी पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी कॅलिफोर्नियाने राज्यातील मेडिकेडमधून, म्हणजे 'मेडि-कॅल'मधून, बाहेर पडलेल्या पात्र व्यक्तीसाठी बाजारपेठेतील एक योजना आपोआप निवडून ठेवण्याची पद्धत सुरू केली. व्यक्तीने ती फक्त पक्की करायची. स्वतःच्या मंचाचे हे सर्वांत भक्कम समर्थन आहे.

शब्दशः अर्थानेही भाषांतराचा प्रश्न येथे आहे. केंद्राच्या संकेतस्थळाची स्पॅनिश आवृत्ती इंग्रजीनंतर दोन महिन्यांनी आली आणि तिच्यातील भाषेवर जानेवारी २०१४ मध्ये वृत्तपत्रांतून टीका झाली. विम्याच्या हप्त्यासाठी वापरलेला 'प्रिमा' हा शब्द कोशात योग्य आहे, पण सामान्य बोलण्यात त्याचा अर्थ चुलत, आते किंवा मावसबहीण असा होतो. संकेतस्थळाच्या नावातील 'कुइदादो' या शब्दात काळजीबरोबर सावधगिरीचीही छटा असल्याने 'आरोग्यापासून सावध' असा त्याचा विनोदी अर्थ लागू शकतो, असेही दाखवून देण्यात आले. कोशाला मान्य असलेला शब्द लोकांना मान्य असेलच असे नाही, हा भाषांतरमीमांसेतील जुना धडा. एका मंचावरून अनेक राज्यांशी बोलणाऱ्या यंत्रणेला तो अधिक लागू पडतो.

४. नामांतर

'नामांतर' हा शब्द मराठी वाचकाला केवळ भाषिक वाटणार नाही. संस्थेचे नाव बदलणे म्हणजे ती कोणाची हे सांगणे, हे आपण १९७८ ते १९९४ या काळात मराठवाडा विद्यापीठाच्या निमित्ताने अनुभवले आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यामागेही हीच जाणीव होती. केंटकीत मात्र नावाने उलटे काम केले. कायदा कोणाचा हे त्याने झाकले.

केंटकी हे दक्षिणेकडील, ओबामांना दोन्ही निवडणुकांत नाकारणारे राज्य. तेथील गव्हर्नर, म्हणजे जनतेने निवडून दिलेले राज्यप्रमुख, स्टीव्ह बेशिअर यांनी २०१२ मध्ये कार्यकारी आदेशाने बाजारपेठ स्थापन केली. तिचे नाव 'किनेक्ट'. राज्याच्या नावाची टपाली आद्याक्षरे आणि जोडणे या अर्थाचा इंग्रजी शब्द यांची ती सांगड होती. मदतनिसांनाही 'किनेक्टर' म्हटले गेले. नावात ओबामा नव्हते, वॉशिंग्टनही नव्हते. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीनुसार राज्यातील विमा नसलेल्या प्रौढांचे प्रमाण २०१३ मधील सुमारे २० टक्क्यांवरून २०१४ मध्ये १० टक्क्यांच्या आत आले. या घटीत मेडिकेडच्या विस्ताराचा वाटा मोठा होता. मे २०१४ मधील एका जनमत चाचणीत केंटकीच्या ५७ टक्के नोंदणीकृत मतदारांनी 'ओबामाकेअर'विषयी प्रतिकूल मत दिले, तर 'किनेक्ट'विषयी प्रतिकूल मत केवळ २२ टक्क्यांचे होते आणि अनुकूल २९ टक्क्यांचे. दोन्ही नावे एकाच कायद्याची होती.

हे यश जितके नावाचे होते तितकीच त्यातली दुर्बलताही नावाची होती. लाभ कोणत्या कायद्यातून येतो हे लोकांपासून झाकले गेले की तो लाभ काढून घेणाऱ्याला विरोधही क्षीण होतो. २०१५ मध्ये निवडून आलेले मॅट बेविन यांनी, केंद्राचा मंच उपलब्ध असता राज्याचा वेगळा मंच ही द्विरुक्ती आहे, अशी भूमिका घेतली. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी केंद्राला तसे कळवले. २०१७ च्या विमावर्षासाठी खाजगी योजना घेणाऱ्यांना केंद्रीय मंचावर जावे लागले, मेडिकेडचे अर्ज राज्याच्या दुसऱ्या यंत्रणेत राहिले. एका दाराची दोन दारे झाली. पुढे स्टीव्ह बेशिअर यांचे पुत्र अँडी बेशिअर गव्हर्नर झाले आणि त्यांनी जून २०२० मध्ये पुनरागमनाची घोषणा केली. १ नोव्हेंबर २०२१ रोजी बाजारपेठ पुन्हा राज्याच्या मंचावर आली. या वेळी अन्नसाहाय्यासारख्या योजनाही त्याच नावाखाली आणल्या गेल्या.

आठ वर्षांत केंटकीच्या विमाधारकाला तीन वेळा नव्या मंचाची ओळख करून घ्यावी लागली. त्याचा आजार, त्याचे घर, बहुधा त्याचे उत्पन्नही फारसे बदलले नसेल. बदलत होती ती त्याच्याविषयी लिहिणारी यंत्रणा.

५. 'स्वतःचा' म्हणजे कोणाचा?

२०२६ च्या विमावर्षासाठी २० राज्ये आणि राजधानीचा जिल्हा यांचे स्वतःचे मंच आहेत. इलिनॉय हे त्यांतले सर्वांत अलीकडचे राज्य. परंतु 'स्वतःचा' या विशेषणाची चिकित्सा आवश्यक आहे. अर्जदाराची ओळख, उत्पन्न आणि नागरिकत्व यांची पडताळणी करण्यासाठी राज्याचा मंचही केंद्राच्या माहितीकेंद्राकडेच विचारणा करतो. त्यामार्फत करखाते, सामाजिक सुरक्षा विभाग आणि स्थलांतरितांच्या नोंदी यांच्याशी संपर्क होतो. दुसरीकडे, नेव्हाडा, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या तिन्ही राज्यांनी आपल्या 'स्वतःच्या' मंचासाठी गेटइन्शुअर्ड या एकाच कंपनीचे तंत्रज्ञान घेतले. २०१३ मध्ये प्रत्येक राज्य कोऱ्या कागदावर लिहू पाहत होते. २०१९ नंतरची राज्ये सिद्ध संहितेचे रूपांतर करतात. यामुळे धोका कमी झाला, हे निर्विवाद. पण राज्याचे वेगळेपण आता मुख्यतः नावात, शुल्कात आणि धोरणात उरते, यंत्रात नव्हे.

आणि धोरण वेगळे असेल तर एकाच प्रकारच्या यंत्रातून भिन्न संहिता निघतात. जॉर्जियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'जॉर्जिया अ‍ॅक्सेस' सुरू केले. तेथे विमा कंपन्या व खाजगी दलाल यांच्या संकेतस्थळांमार्फत होणाऱ्या नोंदणीवर भर आहे आणि मेडिकेडचा पूर्ण विस्तार राज्याने स्वीकारलेला नाही. त्यामुळे दारिद्र्यरेषेखालच्या अनेक प्रौढांना मेडिकेडही नाही आणि करसवलतही नाही. मंच कितीही निर्दोष चालला तरी ज्या व्यक्तीसाठी कायद्यात वाक्यच नाही तिचे भाषांतर तो करू शकत नाही. याउलट न्यू मेक्सिकोने केंद्राच्या वाढीव सवलतींची मुदत २०२५ अखेर संपल्यावर राज्याच्या निधीतून आपल्या बाजारपेठेतील लोकांचा भार उचलला. पहिल्या राज्याला मंच मोकळा बाजार वाटतो, दुसऱ्याला सार्वजनिक जबाबदारी.

तेव्हा केंद्रीय मंच म्हणजे परकेपणा आणि राज्याचा मंच म्हणजे स्वत्व, असे समीकरण मांडता येत नाही. स्वतंत्र मंचामुळे राज्याला प्रश्नांची भाषा ठरवण्याचा, दोन योजना एका दाराशी आणण्याचा आणि वाचलेला पैसा कोठे वळवायचा हे ठरवण्याचा अधिकार मिळतो. हा अधिकार ओरेगॉनसारखा वाया जाऊ शकतो, केंटकीसारखा एका निवडणुकीत सोडून दिला जाऊ शकतो किंवा कॅलिफोर्नियासारखा माणसाला दोन योजनांमधल्या फटीतून वाचवण्यासाठी वापरता येतो. मराठी समीक्षेत आपण भाषांतर आणि रूपांतर यांत भेद करतो, आणि रूपांतरकाराला अधिक मोकळीक देताना त्याच्याकडून अधिक जबाबदारीचीही अपेक्षा धरतो. राज्यांकडूनही तीच अपेक्षा धरणे योग्य होईल.

या जबाबदारीची कसोटी संकेतस्थळ किती वेगाने उघडते ही नाही. ज्याचे उत्पन्न महिन्यागणिक बदलते, ज्याची भाषा कार्यालयाची भाषा नाही, आणि ज्याच्या हाती संकेतांकाचे पत्र उशिरा पडते किंवा पडतच नाही, तो माणूस मंच बदलल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत डॉक्टरांकडे गेला असता विमाधारक म्हणून ओळखला जातो का, हे पाहिले पाहिजे.